बिनलेबलाच्या दोन बॅटऱ्या

सेलमास्तर खोटं बोलत नसत. ऐकायला बरं वाटतं हे. अशा माणसाबरोबर एकतीस वर्षं संसार करून बघा, म्हणजे कळेल. बायको केस कापून आली आणि तिनं हौसेनं विचारलं, “कसे दिसतात?” तर हे चष्मा सावरून पुढून-मागून बघणार आणि सांगणार, “डावीकडे बोटभर आखूड झालेत.” पाहुणा उगाच रीत म्हणून “उशीर झाला, निघतो आता” म्हणाला, की बाकीचं जग “बसा हो” म्हणतं. हे घड्याळ बघून म्हणणार, “हो, झालाय खरा.” दुकानात कुणी विचारलं, की मास्तर, ही बॅटरी अजून किती दिवस काढेल, तर “फार तर चार महिने, उगाच खर्च करू नका” असं सांगून त्याला वाटेला लावणार. तो माणूस तसाच पुढच्या दुकानात जायचा आणि तिथला दुकानदार त्याला बिनदिक्कत दोन वर्षांची खात्री द्यायचा.

“तुम्ही नाकासमोर चालता ते ठीक आहे,” मास्तरीणबाई म्हणायच्या, “पण नाकासमोर भिंत आली तरी वळायचं नाही का?”

मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं. लॅपटॉपच्या, ड्रिल मशीनच्या, विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या मेलेल्या बॅटऱ्या त्यांच्याकडे यायच्या. मास्तर त्यांचं कवच उघडत, आतले बोटाएवढे सेल बाहेर काढत, एकेक तपासत आणि मेलेल्यांच्या जागी नवे घालून निकेलच्या पट्टीनं जोडून देत. काम करताना तोंडानं शिकवणं चालूच असायचं, म्हणून सेलमास्तर. विमानानं जाणारं गिऱ्हाईक सापडलं की मग तर विचारूच नका. “बॅटरी मोठ्या बॅगेत टाकायची नाही. ती बॅग विमानाच्या पोटात जाते. तिथं पेटली तर बघायला कोण आहे? जवळ ठेवायची, हातातल्या पिशवीत. टोकांना चिकटपट्टी लावायची. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत. आणि फुगलेली बॅटरी आणि फुगलेला माणूस, दोघांनाही बरोबर घेऊन प्रवास करायचा नाही.” या शेवटच्या वाक्याला ते स्वतःच हसत.

त्यांच्या धंद्यातली एक खोड मात्र त्यांची एकट्याची होती. सेल बदलले की ते कंपनीचं स्टिकर खरवडून काढून टाकत. त्या गल्लीतले बाकीचे सगळे दुकानदार स्टिकर जपून ठेवायचे, सुटलं तर गोंद लावून परत चिकटवायचे. मास्तर नाही. “आत माझे सेल आणि बाहेर त्यांचं नाव? आपल्या पोराला आपण शेजाऱ्याचं नाव लावतो का?” असं म्हणून ते कवचाला साधं निळं प्लास्टिक चढवत आणि त्यावर मार्करनं आपल्या हातानं आकडे आणि तारीख लिहीत. गिऱ्हाइकांना ते कळकट वाटायचं. मास्तरांना त्याचा अभिमान होता.

मास्तरीणबाईंची फुप्फुसं आठ वर्षांपासून आतून कडक होत चालली होती. आधी जिना चढताना धाप लागायची, मग सपाट रस्त्यावर, मग बोलताना. आता दोन वर्षं झाली, नाकात नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक खांद्याला अडकवायचं मशीन. खोलीतल्याच हवेतून ते ऑक्सिजन वेगळा काढायचं. घरात ते भिंतीतल्या विजेवर चालायचं, बाहेर बॅटरीवर. मास्तर दिवसातून तीनदा त्याची जाळी पुसत, म्हणून मास्तरीणबाई त्याला ‘सवत’ म्हणायच्या. “माझ्यापेक्षा तिचे लाड जास्त,” असं म्हणायच्या आणि मग पुढचं बोलायला थोडं थांबायच्या, श्वास जमेपर्यंत.

हे सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीला ठाऊक नव्हतं. आणि इथंच खरी मेख होती.

आई गेली तेव्हा मास्तरीणबाई सहा वर्षांच्या होत्या. आक्कानं त्यांना वाढवलं. आपलं लग्न चार वर्षं पुढं ढकललं ते या धाकटीसाठी. पुढं आक्का लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली, तरी दर आठवड्याला फोन, दर दोन वर्षांनी भेट. आठ वर्षांपूर्वी आक्काचा नवरा गेला. त्याच आठवड्यात इकडे मास्तरीणबाई पहिल्यांदा दवाखान्यात दाखल होत्या. आक्काच्या डोक्यावर आधीच आभाळ कोसळलेलं, त्यात आपलं कशाला, म्हणून त्यांनी कळवलं, की ताप आहे, येता येत नाही. त्या पंधरवड्यात घरातला फोन त्यांनी दवाखान्यात उशाशीच ठेवला, मास्तरांच्या हाती लागू दिला नाही, कारण मास्तरांनी फोन उचलला असता तर पाच मिनिटांत सगळा रिपोर्ट वाचून दाखवला असता. आक्कानं एवढंच विचारलं, “तापासाठी आली नाहीस?” आणि फोन ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच.

“नंतर सांगून टाकायचं ना,” मास्तर कितीदा म्हणाले.

“आता सांगितलं तर तिला वाटेल, बहाणा करते. समोर गेले की सांगेन.”

समोर जाणं मात्र झालं नाही. वर्षं सरकत गेली, श्वास कमी होत गेला, आणि आठ वर्षांनी एका दुपारी आक्काच्या मुलीचा फोन आला. “मावशी, आईचं आता काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, आठवडा, फार तर दहा दिवस. काल अचानक म्हणाली, धाकटीला बोलाव, एकदा यायला सांग.”

मास्तरीणबाई रडल्या नाहीत. रडायला जेवढा श्वास लागतो तेवढा त्यांना परवडायचा नाही. त्या फक्त म्हणाल्या, “मी जाणार.”

मोबाइलवर तोंड दाखवून भागण्यासारखं नव्हतं. आक्काचे डोळे केव्हाच अधू झाले होते, पडद्यावरचं काही दिसत नव्हतं. “तिला दिसत नसलं तरी ती मला चाचपून बघेल,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “लहानपणापासून तेच करते. गालावरून हात फिरवते. नळीला हात लागला की सगळं कळेल तिला. मला काही बोलायला लागणार नाही.” भाचीलाही त्यांनी आजाराचं सांगितलं नाही. आधी कुणाच्या तोंडून कळायला नको होतं त्यांना.

मधे समुद्र, म्हणजे विमानाशिवाय इलाज नाही. छातीच्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून सर्टिफिकेट लिहिलं. “आत्ता जा. पुढच्या महिन्यात विचारायला आलात तर मी सही करणार नाही,” म्हणाले. विमान कंपनीची अट अशी, की प्रवास चार तासांचा असेल तर मशीन सहा तास चालेल एवढ्या बॅटऱ्या जवळ हव्यात. घरात तीन बॅटऱ्या होत्या. एक बरी होती, दोन तास काढायची. उरलेल्या दोन म्हाताऱ्या झाल्या होत्या, अर्ध्या तासात मान टाकायच्या. नव्या मागवायच्या तर यायला आठ दिवस लागणार होते आणि विमान चार दिवसांवर.

“त्यात काय आहे,” मास्तर म्हणाले, “मी कशाला आहे?”

आयुष्यभर लोकांच्या ड्रिल मशीनमध्ये जीव ओतला, आता बायकोच्या श्वासासाठी काम करायचं होतं. मास्तरांनी दुकानातले सगळ्यात उत्तम सेल काढले. चाळीस तपासून त्यांतले सोळा निवडले, एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. दोन दिवस दुकानाचं दार अर्धं ओढून ते बसले होते. जोडकाम असं केलं, की आपल्याच कामाकडे बघत बसावं. मग दिवसभर मशीन चालवून बघितलं. एकेक बॅटरी चार तास दहा मिनिटं चालली. कंपनीची नवी असतानासुद्धा एवढी चालली नव्हती. आणि नेहमीच्या सवयीनं, हात आपोआप चालतात तसं, त्यांनी जुनी स्टिकरं खरवडून केराच्या डब्यात टाकली, निळं प्लास्टिक चढवलं आणि त्यावर मार्करनं बॅटरीची ताकद लिहिली: सत्त्याण्णव वॉट-तास. खाली तारीख.

प्रवासाच्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी भरली. टोकांना चिकटपट्टी, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, निळ्या दोन्ही हातातल्या पिशवीत सगळ्यात वर, कंपनीची मशीनमध्ये. गिऱ्हाइकांना इतकी वर्षं जे शिकवलं त्यातलं एक अक्षर चुकलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी भुवया रंगवल्या होत्या, ओठांना थोडं काहीतरी लावलं होतं. आक्काला दिसणार नाही हे माहीत असूनही लावलं होतं.

“कशी दिसते?” त्यांनी विचारलं.

“थकलेली,” मास्तर म्हणाले.

विमानतळावर मदतनिसानं मास्तरीणबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून काउंटरपाशी नेलं. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. हसतमुख, हाताला चपळ. तिनं डॉक्टरांचं सर्टिफिकेट वाचलं, मशीनवरचा नंबर फॉर्मशी ताडून बघितला, मास्तरीणबाईंना “बरं वाटतंय ना मावशी?” असं विचारलंसुद्धा. मग म्हणाली, “बॅटऱ्या बघू?”

मास्तरांनी मशीनमधली दाखवली आणि पिशवीतल्या दोन काढून ओळीनं मांडल्या. पहिलीवर कंपनीचं लेबल होतं, तिनं आकडे उतरवून घेतले. दुसरी हातात घेतली, उलटी-सुलटी करून बघितली.

“यावरचं स्टिकर निघून गेलंय का काका?” तिनं विचारलं, आणि विचारता विचारता स्वतःच मान हलवली. “जुन्या झाल्या की निघतात. आमच्याकडे येतात अशा. मॉडेल तेच ना, पहिलीसारखंच?” तिचं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं. समोरच्या माणसानं नुसती मान हलवली असती तरी तिचं काम झालं असतं.

मास्तरीणबाईंनी खुर्चीतून हात वर करून मास्तरांचं कोपर धरलं आणि दाबलं. एकतीस वर्षांच्या संसारात या दाबण्याचा अर्थ कळायला शब्द लागत नाहीत. मूग गिळा, एवढाच अर्थ. मास्तरांना तो कळला. कळूनही त्यांच्या तोंडून निघालं, “निघालं नाही. मी काढलं.”

“म्हणजे?”

“आतले सेल बदललेत ना मी. मग त्यांचं नाव कशाला ठेवायचं? नवे घातलेत, कंपनीपेक्षा सरस. सोळा सेल, चाळिसातून निवडलेले. चार तास दहा मिनिटं चालते एकेक. हे बघा, मी लिहिलंय वर.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुलीचं पेन थांबलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथं नुसतंच राहिलं. “एक मिनिट हं,” म्हणून तिनं फोन उचलला.

आलेला अधिकारी पन्नाशीचा, शांत बोलणारा माणूस होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मास्तरांना निदान भांडता तरी आलं असतं. त्यानं बॅटरी हातात घेतली, मार्करची अक्षरं वाचली.

“कुठं तयार केली?”

“माझ्या दुकानात.”

“तपासणीचा काही दाखला?”

“मीच तपासल्या. दिवसभर मशीनला लावून.”

“तुमचं काम चांगलं असेल, नाही म्हणत नाही मी,” अधिकारी म्हणाला. “पण घरी उघडून जोडलेली बॅटरी विमानात नेता येत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

मास्तर इतरांना सांगत होते. टोकं, पिशव्या, विमानाचं पोट. हे एवढं एक त्यांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आपलं काम ‘घरी उघडून जोडलेल्या’त मोडतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

“साहेब, हिच्या बहिणीचे शेवटचे दिवस आहेत,” ते म्हणाले. “माझ्या बॅटरीला काही होणार नाही. मी लिहून देतो.”

अधिकारी काउंटरला टेकून थोडा जवळ आला. “तुम्ही या धंद्यातले आहात म्हणून विचारतो. दुसऱ्या कुठल्या दुकानातली अशीच बिननावाची बॅटरी घेऊन कुणी तुमच्या बायकोच्या शेजारी बसला. चार तास, समुद्रावर. चालेल तुम्हाला?”

मास्तरांनी विचार केला. विचार करायची काही गरज नव्हती, पण त्यांनी केला. गल्लीतल्या बाकीच्या दुकानांत कसं काम चालतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“नाही चालणार,” ते म्हणाले.

त्या अख्ख्या हॉलमध्ये मास्तरीणबाईंच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार होता, आणि तोही उलटला. कोपरावरचा हात सुटला. तो कधी सुटला ते मास्तरांना पुढं कितीतरी वेळ आठवत राहिलं.

मग जे जे विचारायचं ते सगळं विचारून झालं. एका बॅटरीवर चार तास जाता येणार नाही. विमान कंपनीचा स्वतःचा ऑक्सिजन हवा असेल तर दोन दिवस आधी कळवावं लागतं, आणि या विमानात ती सोय नाहीच. मशीनला चालेल अशी बॅटरी विमानतळावरच्या दुकानांत मिळणार नाही, तिथं फोनच्या बॅटऱ्या मिळतात. मास्तर तरी त्या सगळ्या दुकानांतून फिरून आले. परत आले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं तिकीट दहा दिवसांनंतरच्या तारखेला बदलून दिलं होतं आणि ती मास्तरांकडे न बघता म्हणाली, “काका, मी विचारलं होतं तुम्हाला.” मास्तरांना त्यातला राग कळला. तिला उपकार करायचा होता आणि यांनी तो करू दिला नव्हता.

विमान गेलं. ते दोघं हॉलमध्येच बसून होते, उठून कुठं जायचं ते कळत नसल्यासारखे. काही वेळानं एक मदतनीस बाई मास्तरीणबाईंना स्वच्छतागृहात घेऊन गेली. त्यांची पर्स मास्तरांच्या मांडीवर होती आणि पर्समधला फोन वाजला.

भाचीच होती. “काका, निघालात ना? विमानात बसलात का? आई सकाळपासून चार वेळा विचारते.”

आता इथं कुणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता? धुकं आहे. विमान रद्द झालं. उद्या येतो. मास्तरांनी आठ वर्षांचा दवाखाना, फुप्फुसं, नळी, मशीन, सोळा सेल, स्टिकर, अधिकारी, सगळं क्रमवार सांगितलं. इतकी वर्षं आक्काकडे बोलायला त्यांच्या हातात फोन दिला नव्हता त्याची सगळी भरपाई झाली. भाची बिचारी मधून मधून “हो का? अगं बाई!” म्हणत होती. तिच्या मागून आक्काचा क्षीण आवाज आला, “काय म्हणतात?” आणि भाचीनं आईला समजावं म्हणून, जेवढं लोंबतं तेवढं कापून, एकच वाक्य सांगितलं. “बॅटरी चालली नाही म्हणून येत नाहीत ते.”

मास्तरीणबाई परत आल्या. मास्तरांनी भाचीचा फोन आल्याचं आणि तिला सगळं सांगून टाकल्याचं सांगितलं.

“मी सांगणार होते, विमान रद्द झालं,” त्या म्हणाल्या. “आत बसून तेच जुळवत होते.”

त्यांनी स्वतः फोन लावला. भाचीनं तो आक्काच्या कानाला धरला. मास्तर इतके जवळ बसले होते, की पलीकडचं त्यांनाही ऐकू येत होतं.

“आक्का,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आठ वर्षांनंतर.

“मागच्या वेळी ताप,” आक्का म्हणाली. “या वेळी बॅटरी.”

“आक्का, ऐक. मला मशीन लागतं. नाकात नळी आहे माझ्या. तेव्हाही ताप नव्हता, मी दवाखान्यात...” आणि श्वास संपला. त्या तोंड उघडं ठेवून बसल्या, एक हात छातीवर, आणि मशीन बिचारं आपल्या परीनं ठक ठक करून हवा देत राहिलं. तेवढ्या वेळात पलीकडे फक्त शांतता पोचली.

“आठ वर्षं मशीन नव्हतं. आजच आलं होय,” आक्का म्हणाली. “यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. मीच बोलावलं, चुकलं माझं.”

मास्तरांनी फोन घेतला. “आक्का, खरं सांगतो मी. तिचं दुखणं खरं आहे. बॅटरीचं पण खरंय. त्यावरचं स्टिकर मी...”

“जावईबापू,” पलीकडून आवाज आला, दमलेला, पण स्पष्ट, “तुम्ही तरी खोटं बोलू नका हो. तुम्हाला मी सरळ माणूस समजत होते.”

असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. फोन बंद झाल्यावरही ते तो कानाला धरून बसले.

घरी आल्यावर मास्तरांनी नव्या बॅटऱ्या मागवल्या, कंपनीच्या, लेबल असलेल्या. दहाव्या दिवसाची तारीख भिंतीवर लिहून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली, तेव्हा त्यांनी मशीनला आपली निळी बॅटरी लावली. ती चालायला लागली, मुळीच कुरकुर न करता. मास्तरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काढा ती. वीज येईपर्यंत मी अशीच बसते.” मास्तरांनी कंपनीची जुनी लावली. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मास्तरांना हवं होतं. त्यांनी दोनदा स्वतःहून विषय काढला, “माझंच चुकलं,” म्हणाले. मास्तरीणबाई “जाऊ दे” म्हणाल्या, ते अशा सुरात, की जाण्यासारखं आता काही उरलेलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर दुकानात असताना त्यांच्या मोबाइलवर भाचीचा फोन आला. “काका, आई गेली. तासाभरापूर्वी. मावशीला तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही.”

“काही बोलल्या का?” मास्तरांनी विचारलं. “हिच्याबद्दल?”

भाची म्हणाली, “मी परोपरीनं सांगितलं हो काका. मावशी खरंच आजारी आहे म्हटलं. काल दुपारी म्हणाली, ती येणार नव्हतीच. मग भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर नाही बोलली.”

मास्तरांनी दुकानाचं दार ओढून घेतलं. घर दहा मिनिटांवर होतं, ते अर्धा तास चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते खोटं जुळवत होते. आक्का असं म्हणाल्या असत्या, की तसं? फार गोड नको, संशय येईल. फार कोरडंही नको. एक वाक्य घेतलं, टाकलं, दुसरं घेतलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही. घराच्या पायरीशी येईपर्यंत वाक्य तयार झालं होतं. ते त्यांनी दोनदा पुटपुटून बघितलं.

मास्तरीणबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. अवेळी आलेला नवरा बघूनच त्यांना कळलं. “कधी?” त्यांनी विचारलं.

“सकाळी,” मास्तर खाली बसले, त्यांच्या पायांशी, म्हणजे तोंडाकडे बघायला नको. “शांतपणे गेल्या म्हणे. आणि शेवटी तुझं नाव घेतलं. म्हणाल्या, तिचं दुखणं खरं आहे, मला कळलं. तिला म्हणावं, माझा राग नाही.”

मशीन ठक ठक करत होतं. मास्तरीणबाईंचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, तो हळूहळू सैल झाला. चेहरा जरा हलला. आठ वर्षांत मास्तरांनी तो असा हललेला बघितला नव्हता.

“माझा राग नाही म्हणाली?”

“हो.”

“कधी म्हणाली?”

“काल. दुपारी.”

“माझ्याकडे बघून सांगा.”

मास्तरांनी वर बघितलं. त्यांच्याकडे वाक्य होतं, पाठ केलेलं, तोंडाशी आलेलं. समोर बायको होती, नळी लावलेली, डोळे त्यांच्यावर लावून बसलेली, इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कधी काही न मागितलेली. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. त्यांचे ओठ हलले, आणि मग त्यांनी मान खाली घातली.

“ती येणार नव्हतीच, असं म्हणाल्या,” ते म्हणाले. “आणि भिंतीकडे तोंड केलं.”

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं.

“मी ते खरं धरून चालणार होते हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “अजून एकदा ‘हो’ म्हणाला असतात, तर मी खरंच धरून चालले असते.”